अळणी पाणी

आमच्या वाडीत वर्षाचे आठ-नऊ महिने पाण्याला तोटा नसे आणि उरलेल्या दिवसांत पाण्यावाचून दुसरा विषय नसे. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंधा घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर आमची पाच-सहा घरं. पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटे, चुलीत लाकूड पेटता पेटत नसे. आणि चैत्र सरता सरता मागच्या डोंगरातला झरा असा आटे की खालच्या दगडावर शेवाळसुद्धा उरत नसे. मी उत्रोलीची. माहेरी नदी जवळ, भाताची खाचरं दारात. माझं लग्न ठरलं तेव्हा वडलांनी जमीन विचारली, गुरं विचारली, भाऊबंद विचारले. उन्हाळ्यात पाणी कुठलं पिता, एवढंच विचारायचं राहिलं. त्यावरून मी त्यांना बरीच वर्षं बोलत होते.

झरा आटला की उरायची ती वखारीची विहीर. पूर्वी कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचं आणि ते ठेवायची वखार आमच्या वाडीच्या कडेला होती. मी नांदायला आले तेव्हा वखारीचं नुसतं जोतं उरलं होतं, त्यावर घाणेरी माजली होती. पण किती पावसाळे ते मीठ भिजून जमिनीत मुरलं असेल कोण जाणे, शेजारच्या विहिरीचं पाणी खारट झालं ते झालंच. समुद्राइतकं नव्हे, पण घोट घेतला की तोंड वाकडं व्हावं एवढं. त्यात डाळ शिजत नसे. तहान भागल्यासारखी वाटे आणि घटकाभरात पुन्हा लागे. गुरं ते पीत, आम्हीही पीत असू. खाली नदीच्या डोहावर गोडं पाणी होतं, पण तिथवर उतरून हंडा घेऊन चढायचं म्हणजे अर्धा दिवस गेला.

ही गोष्ट लढाईच्या दिवसांतली. माझे यजमान पलटणीत होते, समुद्रापलीकडे कुठंतरी. दिवाळीपर्यंत खबर येत होती, पुढं ती थांबली. पौषात माझ्या सासूबाई गावदेवीच्या देवळात गेल्या आणि बोलून आल्या, "माजा ल्योक उंबऱ्यात पाय ठेवीस्तवर मिठाचा कण तोंडात घालनार न्हाई."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. शरीरानं काटकुळ्या, जिभेनं तिखट, आणि एकदा शब्द दिला की दिला. मी लग्न होऊन आले त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या होत्या, "हंडा उचलंल का ही?" आमचं फारसं गोडीगुलाबीचं नव्हतं. मी कामाला मागं हटत नसे, त्या माझ्या कामाला कधी बरं म्हणत नसत, आणि घर चालत होतं. नवऱ्याच्या पाठीमागं आम्ही दोघीच उरलो होतो.

नवस झाल्यापासून त्यांची भाकरी वेगळी, कालवण वेगळं. कोरड्यास पुढं आलं की आधी विचारायच्या, "ह्यात न्हाई ना?" पौष, माघ, फाल्गुन असे गेले. चैत्राच्या अखेरीला झरा आटला आणि मी दरवर्षीसारखा वखारीच्या विहिरीवरून हंडा भरून आणला. आत्याबाई उन्हातून आल्या, तांब्या बुडवला, ओठाला लावला आणि तिथंच थांबल्या.

"कुठलं हे?"

"वखारीचं. झरा आटला न्हवं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "ह्यात मीठ हाय," म्हणाल्या आणि पाणी न पिता आत जाऊन बसल्या.

मला आधी रागच आला. पाण्यातलं मीठ हे काय मीठ झालं? पण बोलण्यात मी त्यांच्यापुढं टिकणार नव्हते, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. देवीपुढं कण म्हटलं होतं, आणि कण तर त्या पाण्यात होताच. त्या प्याल्या आणि तिकडं काही वेडंवाकडं झालं तर? तसं मोठ्यानं मी म्हटलं नाही, पण मनात आलं आणि ते काही केल्या जाईना.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी डोहावर निघाले. वाटेतच खालच्या वाडीची माणसं भेटली आणि त्यांनी मला परत लावलं. डोहाच्या काठच्या घरांत पटकी आली होती, दोन माणसं दगावली होती. त्या पाण्याला कुणी हात लावत नव्हतं. मी रिकामा हंडा घेऊन डोंगर चढले.

मग वाडीतल्या बायका एकेक करून शहाणपण सांगायला आल्या. एकजण म्हणाली, पाणी उकळ. उकळलं, तर ते आटून आणखी खारट झालं. दुसरी म्हणाली, लुगड्याच्या सात पदरांतून गाळ. गाळलं, लुगडं तेवढं ओलं झालं. तिसरी म्हणाली, आमटीत मीठ जास्त पडलं की आपण कणकेचा गोळा सोडतो, तसा हंड्यात सोड. तेही केलं. पाणी खारटच राहिलं आणि गोळाही खारट झाला. तो गाईनं आवडीनं खाल्ला.

आत्याबाई दुधावर राहू लागल्या. उन्हाळ्यातलं गाईचं दूध ते किती, वाटीभर. त्यावर करवंदं, कुठं मिळाला तर आंबा. चार दिवसांत ओठ फुटले, बोलताना जीभ टाळ्याला चिकटू लागली. शेजारच्या घरात माझे चुलत सासरे राहत. ते आत्याबाईंना समजावायला आले. मी दाराआड उभी होते.

"वैनी, आता गाय बी तेच पानी पिती. मग दुधात मीठ न्हाई व्हय?"

आत्याबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "गाईनं नवस न्हाई केला, भाऊजी."

या चुलत सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. ऐन उमेदीत त्यांनी गुळाची दारू गाळली होती आणि संस्थानच्या शिपायांनी त्यांना भोरला नेऊन कोठडी दाखवली होती. तेव्हापासून दारू सुटली, पण गाळायची कला हातात होती. उठता उठता ते दाराकडे तोंड करून मला म्हणाले, "सूनबाई, वाफंसंगं मीठ वर चढत न्हाई. म्या उद्या मडकं लावतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परड्यात चूल मांडली, मडक्यावर मडकं बसवलं, सांधा नाचणीच्या पिठानं लिंपला आणि वेळूची नळी लावली. नळीतून थेंब थेंब पाणी पडू लागलं आणि मला हायसं वाटलं. तेवढ्यात खालून हिर्डोशीचे पोलीसपाटील धापा टाकत वर आले. परड्यातला धूर त्यांना लांबून दिसला होता, आणि मामंजींच्या परड्यातला धूर म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. त्यांनी थेंब ओंजळीत घेतले, वास घेतला, चाखले आणि त्यांचं तोंड उतरलं.

"हे तर पानी हाय!"

"मग काय असंल वाटलं?" मामंजी म्हणाले.

"मला पटलं, पर भोरच्या शिपायांना कोन पटवनार? ते आदी मडकी फोडत्याल, तुमाला न्हेत्याल, आनि मग इचारत्याल. काडा ते."

मामंजींनी मडकी उतरवली. त्यांनी हट्ट धरला असता तरी उपयोग नव्हता, कारण आत्याबाईंनी आमच्या घरातूनच सांगून टाकलं होतं, "दारूच्या मडक्यातलं पानी माज्या नवसाला चालायचं न्हाई." मी कपाळाला हात लावला. देवी एक वेळ ऐकेल, आत्याबाई ऐकायच्या नाहीत.

त्या दुपारी मी घर सारवत होते. भिंतीवर रामाची मोठी तसबीर होती, भोरच्या बाजारातून आणलेली. पावसाळ्यात ओल धरून रामाच्या पायाशी बुरशी चढली होती, तिचा डाग दिसत होता. मागल्या आश्विनात ऊन पडल्यावर मी ती तसबीर अंगणात सुकायला ठेवली होती, आणि थोड्या वेळानं पाहते तो काचेला आतून थेंबच थेंब. तसबीर उभी केली तर ते थेंब ओघळून खालच्या चौकटीत जमले. आत्याबाई तेव्हा घाबरून म्हणाल्या होत्या, "देवाला घाम फुटला." ते आठवलं आणि मी सारवणाचा हात तसाच घेऊन शेजारी गेले. दाराआडून म्हटलं, "मामंजी, चूल नगंच. वाफ उन्हानं बी धरती. काचंवर धरती."

मामंजी तंबाखू मळत होते, ते थांबले. मग उठून गोठ्यात गेले आणि गुरांना पाणी पाजायची लाकडाची डोणी ओढत बाहेर घेऊन आले. जुन्या झाडाचं खोड पोखरून केलेली, उभी केली तर माणसाच्या कमरेला लागेल एवढी लांब. त्यांनी ती घासून धुतली आणि आतून निखारे फिरवून काळी केली, कारण काळा रंग ऊन जास्त खातो. एका बाजूची कड तासून उतरती केली. उतरत्या बाजूला आतून अर्धा चिरलेला वेळू बसवला आणि त्याचं टोक बाहेर काढलं. काचेवर धरलेलं पाणी उताराला येऊन त्या वेळूत पडेल आणि बाहेर तांब्यात येईल, असा बेत. नव्हती ती फक्त काच. लढाईमुळं भोरलाही काच मिळत नव्हती.

आता आत्याबाईंना विचारणं आलं. मी भीतभीत सांगितलं, की चूल नाही, मडकं नाही, नुसतं ऊन. त्यांनी विचारलं, "म्हंजी सूर्यनारायन पानी गाळनार?"

"व्हय."

"मग चालतंय की," म्हणाल्या आणि स्वतः उठून रामाची तसबीर खाली घेतली. मागचे खिळे उचकटले, काच काढली, कागदावरचा राम पदरानं पुसला आणि चौकट परत भिंतीला लावली. "जरा वारा खा," असं त्याला सांगितलं.

एका काचेनं डोणी झाकली जात नव्हती. ही बातमी वाडीत फिरली आणि संध्याकाळपर्यंत बायका आपापल्या तसबिरी घेऊन आल्या. कुणी शंकर-पार्वती आणले, कुणी दत्त, कुणी मारुती. ज्या बाईशी आत्याबाईंचं बांधावरून वर्षभर बोलणं नव्हतं, तिनं दारात लक्ष्मीची काच ठेवली आणि निघून गेली. त्या काचेच्या कडा तिनं राखेनं घासून लख्ख केल्या होत्या. आमच्या सबंध वाडीतले देव त्या उन्हाळ्यात उघडे बसले. त्यांच्या तोंडावर धूळ बसायची, एकदा दत्ताच्या डोक्यावर पाल बसलेली पाहिली, पण काच परत द्या असं कुणी म्हटलं नाही. त्या माणसांची आठवण झाली की मला आजही भरून येतं.

सकाळी डोणीत वखारीचं पाणी ओतलं, काचा बसवल्या, फटी लिंपायला आत्याबाईंनी नाचणीचं पीठ मळून दिलं. ऊन चढलं तशा काचा आतून पांढऱ्या झाल्या, मग थेंब मोठे झाले, मग एकमेकांत मिसळून खाली सरकू लागले. आम्ही तिघं आणि निम्मी वाडी डोणीभोवती. दुपारी वेळूच्या टोकाला पहिला थेंब आला तेव्हा कुणीतरी "आलं!" म्हणून ओरडलं. तांब्याचा तळ झाकेपर्यंत थांबलो. आत्याबाईंनी चाखायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मामंजींनी आधी बोट बुडवून जिभेला लावलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मग दुसरीकडं पाहिलं. "खारट लागतंय," म्हणाले.

आत्याबाई मटकन खाली बसल्या. इतके दिवस ती बाई डगमगली नव्हती, पण त्या वेळी त्यांचा चेहरा पाहवेना. "देवीलाच नगं असंल," एवढंच म्हणाल्या. बायका हळूहळू पांगल्या. मला मात्र पटेना. वाफेबरोबर मीठ चढत नाही, तर हे आलं कुठून? मी परातीजवळ गेले. तळाशी मळलेल्या पिठाचा लगदा राहिला होता, तो जिभेवर ठेवला.

पीठच खारट होतं. आत्याबाईंनी लिंपायच्या पिठात सवयीनं मीठ टाकलं होतं! स्वतःची भाकरी त्या ध्यान ठेवून अळणी करीत, पण परातीत पीठ दिसलं की हात आपोआप मिठाच्या मडक्याकडं जायचा, तो गेलाच. काचेवरून ओघळणारं पाणी कडेच्या पिठाला लागून खारट होत होतं. मी हसू आवरू शकले नाही. हसत हसत परात त्यांच्यापुढं नेऊन ठेवली. त्यांनी वास घेतला, बोटानं चाचपलं, आणि आपल्या उजव्या हाताकडं अशा पाहत राहिल्या, जणू तो शेजारणीचा हात असावा. मग म्हणाल्या, "म्या सोडलं, ह्येनं न्हाई सोडलं." त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र हसलो.

वेळू धुतला, काचा पुसल्या, पीठ मी मळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तांब्या जवळजवळ भरला. मामंजींनी चाखलं, मी चाखलं. मिठाचा मागमूस नव्हता. चवच नव्हती कसली, पावसाची धार तोंडात धरावी तसं पाणी. आत्याबाईंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला, मावळतीकडं तोंड करून सूर्याला नमस्कार केला आणि घोट घोट करून प्याल्या. गळ्याची शीर वर-खाली होताना मी पाहत होते. पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "लई अळनी हाय." नवसाला पावलेल्या पाण्यालाही नाव ठेवलंच!

वैशाख असा सुरू झाला. सकाळी डोणी भरायची, काचा पुसायच्या, संध्याकाळी तांब्या उचलायचा. ऊन चांगलं असलं तर तांब्याभर आणि वर थोडं, आभाळ आलं तर अर्धाच. एका माणसाला जेमतेम पुरेल एवढं. ते फक्त आत्याबाईंचं. मी त्यातला घोटही घेत नसे, आणि त्या मला कधी घे म्हणत नसत. नवसाचं पाणी होतं ते. दर काही दिवसांनी डोणीच्या तळाशी पांढरा थर बसायचा, तो मी खरवडून लांब नेऊन टाकायची.

आणि मी आजारी पडले. ताप, आणि पोटात काही ठरेना. मामंजींनी पाला उगाळून दिला, पण मुख्य अडचण पाण्याची होती. वखारीचं पाणी घशाखाली उतरलं की तसंच उलटून यायचं. पटकीच म्हणून वाडी धास्तावली होती. दुसऱ्या दिवशी माझ्यात कूस बदलायचीही ताकद राहिली नाही. तेव्हा आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि ओठाला तांब्या लावला. पाण्याला चव नव्हती. ते पोटात राहिलं.

"आत्याबाई, हे तुमचं."

"पी गप. ऊन लई हाय, दोगींना पुरंल एवडं पडतंय."

मी प्याले. पुढचे दिवस त्या मला तेच पाणी पाजत होत्या, घोटाघोटानं. ज्या बाईनं मला कधी बरं म्हटलं नव्हतं ती माझे पाय चेपत होती. मी ग्लानीत होते, दोघींना पुरतंय यावर मी विश्वास ठेवला.

ताप उतरला त्या दुपारी मी भिंतीला धरून उठले आणि सोप्यात आले. बाहेर आभाळ भरून आलं होतं, डोणीच्या काचांवर नुसता ओलावा होता. आत्याबाई माझ्याकडं पाठ करून पाण्याच्या हंड्यापाशी उभ्या होत्या. त्या हंड्यात वखारीचं पाणी होतं. त्यांनी तांब्या बुडवला, वर केला आणि प्याल्या. घाईघाईनं नाही, चोरूनही नाही. रोजचं पाणी प्यावं तसं.

"आत्याबाई!" माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "नवस!"

त्या वळल्या. तोंड पदरानं पुसलं. "कवाच मोडला," म्हणाल्या. "तू पडलीस त्याच दिशी."

मला रडू फुटलं. मी म्हणत होते, तुम्ही असं का केलंत, मी खारं प्याले असते, मेले असते तरी चाललं असतं, तिकडं त्यांचं काय होईल आता? त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"त्येला बगायला देवी हाय," म्हणाल्या. "तुला बगायला हितं माज्याबिगर कोन हाय?"

हे वाचणाऱ्याला कदाचित साधं वाटेल, कारण पाण्याचा घोट आणि दूरची लढाई यांचा काही संबंध नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. आत्याबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांचा विश्वास होता, पुरता, की त्या घोटानं पोटच्या मुलाचा जीव जाऊ शकतो. हे मनात धरून त्या तो तांब्या रोज भरून प्याल्या, आणि गोडं पाणी मला दिलं.

वाडीत आम्ही कुणाला सांगितलं नाही. मी बरी झाल्यावरही त्यांनी अळणी खाणं तसंच चालू ठेवलं. पाऊस आला, झरा फुटला, काचा धुऊन ज्याच्या त्याच्या देवाला परत गेल्या. खबर मात्र येत नव्हती. मी भात लावताना, तण बेणताना, रात्री डोळे मिटताना एकच विचार करायची, की काही झालं असेल तर ते माझ्यापायी. त्यांच्याही मनात तेच असणार, पण त्या सगळ्या महिन्यांत त्यांनी मला शब्दानं तर सोडाच, नजरेनंही टोचलं नाही. उलट हंडा जड असला तर माझ्या हातून घेऊ लागल्या.

भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी मी आत कांडत होते. अंगणातून आत्याबाई धावत आल्या. त्या वयात त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर वाटेवर कुणीतरी काठी टेकत, एक पाय ओढत वर येत होतं, मामंजींचा मोठा आवाज ऐकू येत होता. आपला मुलगा दारात येतोय, आणि त्याला सामोरं जायचं सोडून ती बाई आधी माझ्याकडं आली. माझ्या हातातलं मुसळ काढून घेतलं, दोन्ही हात घट्ट धरले. त्यांचे हात गार पडले होते.

"आला गं," म्हणाल्या. "वाचलो आपन दोगी."